धक्का, पाचवीचा वर्ग आणि आमच्या गावची मतं

आमच्या गावचे निर्णय गावात होत नसत. ते कुवेतमध्ये, आमच्या घरी, शुक्रवारी दुपारी, माशाच्या कालवणावर होत. यात मी काही वाढवून सांगत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या त्या लहानशा गावात त्या काळी म्हातारे, बायका, मुलं आणि बकऱ्या एवढीच वस्ती उरली होती. हातीपायी धड असलेला पुरुष एक तर मुंबईला, नाही तर बसऱ्याला, नाही तर कुवेतला. कुवेतमध्ये आमच्या गावचे वीसेक जण होते आणि त्यांच्यात बायकोमुलांसकट राहणारे फक्त माझे अब्बा. ते एका कुवेती व्यापाऱ्याच्या लाकडाच्या वखारीत कामाला होते. मालकाने आपल्या घरामागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या, म्हणून अम्मा, मी आणि माझा धाकटा भाऊ तिथे येऊन राहिलो होतो. जिथे घरचं जेवण मिळतं तिथेच जमात, म्हणजे आमच्या गावकऱ्यांची मंडळी, बसणार. जुम्म्याची नमाज झाली की गल्लीत चपलांचा आवाज यायचा आणि अम्मा म्हणायची, "आली बघ पंगत."

दोन खोल्या, मध्ये जाड सुती पडदा, वर गच्ची. दिवसभर वखारीतल्या करवतीचा आवाज आणि घरभर लाकडाच्या भुशाचा वास. वाळूचं वादळ आलं की दारंखिडक्या लावूनही पिठात, तांदळात, अंथरुणात रेती. अम्मा तांदूळ तीन वेळा धुवायची आणि तरीही कोणीतरी जेवताना कचकन थांबायचा. पापलेटला तिथे झुबैदी म्हणतात. ती झुबैदी बाजारातून यायची आणि गावाहून कोणी आला की त्याच्या ट्रंकेतून सोलं यायची, म्हणजे आमसुलं. ती सोलं आणि तिथलं वाळवलेलं काळं लिंबू घालून अम्मा जे कालवण करायची ते ना कोकणातलं होतं ना कुवेतमधलं. आज माझा पुतण्या कुवेतमध्येच, मंगफ भागातल्या फ्लॅटमध्ये राहतो, मुलं त्याला इंग्रजीत उत्तरं देतात, फ्रीजमध्ये चार देशांचे मासे असतात. मी गेले होते तेव्हा त्याच्या बायकोला ते कालवण करून दाखवलं. नाही जमलं. बहुधा रेती कमी पडली.

या शुक्रवारच्या पंगतीत माझं स्वतःचं एक काम होतं. मी पत्रं लिहायची. गावात तिसरीपर्यंत शिकून मी कुवेतला आले होते, माझं अक्षर सुरेख होतं आणि जमातीतल्या निम्म्याहून अधिक लोकांना लिहिता येत नव्हतं. जेवणं झाली की ते एकेक करून माझ्यासमोर बसत आणि सांगत. "लिव, तब्येत बरी हाय. लिव, बकरी विकू नको." मी लिहायची. गावात ही पत्रं वाचायची माझी जुलेखाफुफू, अब्बांची विधवा बहीण. सगळ्या मोहल्ल्यात तेवढी एकच बाई भराभर वाचणारी. पोस्टमन आला की बायका तिच्या अंगणात जमत आणि प्रत्येकीचं पत्र ती सगळ्यांदेखत वाचून दाखवी. म्हणजे इकडून लिहिणारी मी आणि तिकडे वाचणारी फुफू, आमच्या दोघींपासून गावाचं काहीच लपून नव्हतं. मला याचा फार गर्व होता. शिवाय तिथे हिंदी मुलांसाठी नवीच शाळा निघाली होती, तिथे अब्बांनी माझं नाव घातलं होतं. मी इंग्रजी कविता पाठ म्हणायची, वर्गात पहिली यायची आणि आपण आता कुवेतमध्येच मोठ्या होणार असं धरून चालले होते.

त्या सुमारास कुवेतमध्ये चालणारे आपले रुपये जाऊन दिनार आले होते आणि गावाकडे नुकत्याच जिल्हा परिषदा निघाल्या होत्या. निवडणूक लागली. एका शुक्रवारी गावाहून आलेल्या एकाने सोलांच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी आणली. आमच्या भागातून उभ्या राहिलेल्या उमेदवाराची. जमातीचे प्रमुख होते उमरचाचा. अहमदीच्या बंदरात मुकादम, आवाज खणखणीत, मनाने वाईट नाही पण आपण बोललो की झालं असं मानणारे. त्यांनी चिठ्ठी मला वाचायला लावली. मजकूर अगदी सरळ होता. गावची झाडून सगळी मतं मला द्या, बदल्यात गावाला एक काम करून देतो. एकच. काय ते तुम्ही ठरवा.

"धक्का!" उमरचाचा म्हणाले, आणि सगळे एकदम बोलायला लागले. आमच्या गावाला धक्का नव्हता. लाँच खाडीत थांबायची, मग होडी, आणि ओहोटी असली की गुडघाभर चिखल. तीन वर्षांनी घरी जाणारा माणूस नवा कोट, नवे बूट घालून मुंबईहून निघायचा आणि बायकोसमोर उभा राहायचा तो चिखलाने बरबटून, डोक्यावर ट्रंक घेऊन. प्रत्येकाजवळ एकेक किस्सा होता. कोणाचा रेडिओ चिखलात पडला होता, कोणाचे आजोबा. उमरचाचांनी जेवणाच्या चटईवर चमचे मांडून धक्का कुठून कुठवर जाईल ते दाखवलं. अब्बा तेवढे हळूच म्हणाले, "जुलेखाचा पत्र आलेला, पोरींच्या पाचवीचा. त्याचा काय?"

गावात मुलींची शाळा चौथीपर्यंत होती. खोली होती, फळा होता, फक्त पाचवीला बाई नव्हती. चौथी झाली की पोर घरी बसायची आणि तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायची. फुफू दर पत्रात पाचवीचं लिहायची. उमरचाचा हसले. "पाचवी कुठं पळून जातेय? आधी धक्का." आणि ठरलं. त्या दुपारी मी अकरा पत्रं लिहिली आणि अकराही पत्रांत एकच वाक्य होतं : मत अमक्यालाच टाकायचं, जमातीने शब्द दिला आहे.

पडद्याआड अम्मा भांडी घासत होती. माझी अम्मा बोलणाऱ्यांतली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या बापाने तिला दुसरीतून काढली होती आणि ते ती कधी विसरली नाही. मालकाची बायको उम्म खालिद, तिच्याशी मात्र अम्माचं जमायचं. उम्म खालिद लग्नानंतर दोन वर्षं मुंबईत राहिली होती, तिला बंबैया हिंदी यायची, आणि दोघींच्या घरांमधल्या भिंतीवरून ताटं जात-येत. आमच्याकडून सांदणं, तिकडून खजूर, रमजानमध्ये गव्हा-मटणाचं हरीस. कोणी कधी मोजलं नाही, पण रिकामं ताट परत जाणं अम्माला लाजिरवाणं वाटायचं.

दोन दिवसांनी उम्म खालिद भिंतीपाशी उभी होती. तेव्हा कुवेतमध्येही निवडणुकांची बोलणी चालली होती, तिच्या नवऱ्याच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, रोज तोच विषय. तिने विचारलं, "तुम्हारे आदमी लोग तो सब इधर है. उधर वोट कौन देता है?"

"औरतें," अम्मा म्हणाली.

"औरतें?" उम्म खालिदने तोंडावर हात ठेवला. "हमारे यहाँ तो औरत का वोटही नहीं. तुम्हारा है? खुद का?"

अम्मा हातात ताट घेऊन तशीच उभी राहिली. हा क्षण मला अगदी स्पष्ट दिसतो. एखाद्याला घरातली रोजची वस्तू पहिल्यांदा नीट दिसावी तसा तिचा चेहरा झाला. आत येऊन ती मला म्हणाली, "कागद घे. फुफूला लिव." आणि तिने सांगितलं ते मी शब्दाशब्दाने लिहिलं. "जुलेखा, इकडं यांनी तुमची मतं धक्क्याला देऊन टाकली. मत तुमचा हाय, यांचा नाय. माझा तर मत इथं नायच, म्हणून तुला सांगतेय. बायकांना विचार, त्यांना काय पायजे. जे पायजे ते त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या, मग मत टाका. ही अकरा पत्रं येतील ती खरी वाच, त्यातला एक शब्द खोटा वाचू नको. पण त्याच्यानंतर हा पण वाच." मी लिहिताना घाबरले होते. अब्बांना सांगायचं का, विचारलं. ती म्हणाली, "मी सांगेन." तिने सांगितलंही. अब्बांनी विडी विझवली. म्हणाले, "टाक पेटीत."

पुढे गावात काय झालं ते फुफूच्या पत्रातून कळलं. आजही ते आठवलं की मला हसू फुटतं. उमेदवार प्रचाराला आला, तो फुफूच्या अंगणात. बायका म्हणाल्या, धक्का नको, पोरींची पाचवी दे. तो हसला, म्हणाला, तुमच्या घरधन्यांनी तर मला कधीच शब्द दिलाय. फुफू म्हणाली, "घरधनी कुवेतला हायत. मतपेटी पण तिकडंच पाठव." हसणं थांबलं. माणूस हुशार होता, हिशेब त्याला लगेच कळला. त्याने पाचवी कबूल केली. निवडूनही आला, आणि दिलेला शब्द पाळायला बसला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. फक्त एक नियम आडवा आला. पाचवीचा वर्ग उघडायला पटावर वीस मुली लागत. फुफू दारोदार हिंडली. घरी बसवलेल्या, लग्न ठरत आलेल्या, कोणाच्या आजीचे पाय धरून सोडवून आणलेल्या अशा एकोणीस झाल्या. विसावी मिळेना. जूनच्या आत यादी गेली नाही तर बाईची नेमणूक दुसऱ्या गावाला जाणार होती.

फुफूचं पत्र आलं त्याच आठवड्यात उमरचाचांनाही त्या उमेदवाराचं पत्र आलं. शुक्रवारी ते जेवलेच नाहीत. ताट बाजूला सारून अब्बांना म्हणाले, "आमचा शब्द गेला. तुमच्या घरातून पत्र गेलाय. अक्षर ह्या पोरीचा." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अब्बांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पडदा सरला आणि अम्मा बाहेर आली. डोक्यावरून पदर, हात ओले. त्या मंडळींसमोर ती कधी आली नव्हती.

"उमरभाई," ती म्हणाली, "पोरीला नका बोलू. सांगितला मी. शब्द कसला दिलात तुम्ही? दुसऱ्याच्या गोठ्यातली म्हैस विकलीत, आणि आता गिऱ्हाईक ओरडतोय म्हणून आमच्यावर रागावता."

"भाबी, धक्का गावासाठीच होता."

"तीन वर्षांनी एकदा तुमच्या पायाला चिखल लागतो. तिथल्या बायका रोज त्याच चिखलातून पाण्याला जातात. त्यांना विचारलात?"

करवतीचा आवाज त्या दिवशी नव्हता, शुक्रवार होता. उमरचाचांचा चेहरा लाल झाला होता, पण ते मुकादम होते, वाद कुठे धरायचा ते त्यांना माहीत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बरा. मतं त्यांची. मग पोरी पण त्यांच्याच ना? तुम्ही दुसऱ्यांच्या पोरी मोजताय, भाबी. एकोणीस झाल्या म्हणतात. तुमची पोर इथं इंग्लिश शाळेत पहिली येते."

ते बरोबर होतं. मला त्या वयातही कळलं की ते बरोबर आहे. अम्माने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "विसावी माझी."

मी गच्चीवर पळाले. भर दुपारी, तापलेल्या गिलाव्यावर अनवाणी. मी रडले नाही, मला राग आला होता. माझी शाळा, माझ्या कविता, माझा पहिला नंबर, सगळं तिने दोन शब्दांत देऊन टाकलं होतं. तेही का, तर उमरचाचांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून. निदान तेव्हा मला तसंच वाटलं. आणि आज इतक्या वर्षांनीही मी म्हणेन, थोडंफार ते तसं होतंच. निग्रही माणसांबद्दल आपण बोलतो तेव्हा त्यांच्या घरातल्यांना काय द्यावं लागलं ते सांगत नाही. म्हणून मी सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात मासे साफ करत होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी कुणाच्या गोठ्यातली म्हैस?"

तिचा विळीवरचा हात थांबला. वाटलं, आता एक बसणार. तिने मासा ताटात ठेवला. मग हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या खाली आले.

"चुकला माझा," ती म्हणाली. "त्यांनी केला तोच मी केला. तुला विचारायला पायजे होता. आता विचारतेय. तू नाय म्हणालीस तर येत्या शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगेन, मी बोलली ते खोटा होता, माझी पोर जात नाय. मान गेली तर गेली. तुझ्यावर राग धरणार नाय. पण तू गेली नाहीस तर पाचवी उघडत नाय, हा पण खरा हाय. दोन्ही गोष्टी तुला सांगितल्या. आता तू ठरव."

पुढे मी स्वतः पंचायतीत निवडून गेले, दोनदा. सौदे पाहिले, केलेही. रस्त्याच्या बदल्यात पाठिंबा, नळाच्या बदल्यात गप्प बसणं. देवाणघेवाणीशिवाय सार्वजनिक काम होतं असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आमच्या गावचा धक्काही पुढे अशाच एका सौद्यात झाला, आणि चांगला झाला. पण अशा प्रत्येक बैठकीत मी एक प्रश्न विचारायची आणि लोक वैतागायचे : आपण देतोय ते कुणाचं आहे, आणि त्याला विचारलंय का? हा प्रश्न काही मी पुस्तकातून उचललेला नाही. माझ्यासमोर उकिडवं बसून तो कोणीतरी मला विचारला होता, आणि मला खरोखर नाही म्हणता आलं असतं.

मी चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत अम्माने एकदाही विषय काढला नाही, गोडधोड केलं नाही, जवळ घेतलं नाही. मी शाळेत गेले, बाईंनी फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेतलं आणि मला एकसारख्या त्या एकोणीस जणी दिसायला लागल्या. त्यांतल्या सहा-सात जणींबरोबर मी तिसरीत एकाच पट्टीवर बसले होते. चौथ्या दिवशी मी अम्माला म्हणाले, "जाते. पण बदल्यात मला काहीतरी पायजे."

"काय?"

"मी गेले की तुझी पत्रं कोण लिहिणार? उमरचाचा? अब्बा?"

"अब्बा लिवतील."

"नाही. दुसऱ्याच्या हातचं पत्र आलं तर मी उघडणार नाही. तू लिही."

तिला हसू आलं, मग ते विरलं. "ह्या वयात?"

"मी पण ह्या वयात बोटीतून एकटी जातेय."

त्याच दुपारी ती भावाची पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. बोट सुटायला तीन आठवडे होते. मी तिला एवढ्या निर्दयपणे शिकवलं की अब्बा खोलीतून उठून जायचे. तिचा हात भाकरी थापण्यात, मासे कापण्यात तरबेज, पण पेन्सिल धरली की लाकडासारखा. तीन आठवड्यांत निम्मी बाराखडीही झाली नाही. बंदरावर उमरचाचा आले होते. त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलून चढवली आणि मला म्हणाले, "चिखलातून नीट उतर." अम्माने माझा हात सोडला तेव्हा तिची बोटं पेन्सिलीने काळी झालेली होती.

जूनमध्ये पाचवीचा वर्ग उघडला. तालुक्याहून साहेब आले आणि त्यांनी आम्हाला उभं करून मोजलं. मी शेवटच्या रांगेत होते. त्यांनी वीस म्हटलं आणि वहीत लिहिलं. पहिले दोन महिने मला तो वर्ग मुळीच आवडला नाही. फळा तडकलेला होता, बाई आजारी पडायच्या, मी इंग्रजी विसरायला लागले. कुवेतहून अब्बांची दोन पत्रं आली. मी ती न उघडता फुफूच्या कपाटात ठेवली. फुफू रागावली, हट्टी म्हणाली. आईवर गेलेय, मी म्हटलं.

तिसरं पत्र भाद्रपदात आलं. पाकिटावरचा पत्ता अब्बांच्याच हातचा होता, पण एका कोपऱ्यात माझं नाव वेगळं लिहिलेलं होतं, वालाच्या दाण्यांएवढ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत. एक अक्षर उलटं. अंगणात पंधरा-सोळा बायका बसल्या होत्या. फुफूने नेहमीप्रमाणे चष्मा पुसला आणि हात पुढे केला. "आण, वाचते."

"हे नाही," मी म्हटलं, आणि पाकीट घेऊन आत गेले.